ईश्वराचे पितृत्व आणि ख्रिस्ती शिष्यत्व

ईश्वर हा पिता आहे आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे त्याची लेकरे आहेत, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत धारणा होय. या धारणेला शिकवणुकीइतकेच आचरणाचेही अंग आहे. मूल जसे वडिलांचे वागणे-बोलणे पाहत घडत जाते, तसे शिष्याने ईश्वराच्या प्रेमाचे अनुकरण करीत घडावे, असे नव्या करारात सांगितले आहे. घरातील पिता, मंडळीचा पाळक आणि गुरुस्थानी असलेला वडीलधारा मनुष्य हे या प्रेमाची दृश्य उदाहरणे मानले जातात. तथापि ते त्या प्रेमाचे मोजमाप मानले जात नाहीत. मानवी पिता आदर्श असो वा सदोष, त्याच्यावरून ईश्वर ठरत नाही. उलट ईश्वराच्या प्रेमावरून मानवी पित्याची पारख होते. ख्रिस्ती विचारपरंपरेत या विषयावर जे मंथन झाले, त्याच्या केंद्रस्थानी हा भेद आहे.

जुन्या करारातील पार्श्वभूमी

जुन्या करारात ईश्वराला 'पिता' असे मोजक्याच ठिकाणी संबोधिले आहे. निर्गमच्या पुस्तकात इस्राएल राष्ट्राला ईश्वराचा ज्येष्ठ पुत्र म्हटले आहे (निर्गम ४:२२). तेथे पितृत्वाचा संदर्भ मिसरच्या दास्यातून होणाऱ्या सुटकेशी आहे. स्तोत्रसंहितेत ईश्वराच्या करुणेला पित्याच्या ममतेची उपमा दिली असून, मनुष्य मातीचा आहे याची ईश्वराला आठवण असते, असे त्या ममतेचे कारण दिले आहे (स्तोत्र १०३:१३–१४).

या संदर्भात होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकातील अकरावा अध्याय विशेष महत्त्वाचा आहे. त्यात ईश्वर आपल्या लेकराला चालायला शिकविणाऱ्या, उचलून घेणाऱ्या आणि वाकून खाऊ घालणाऱ्या पालकाच्या रूपात दिसतो. लेकरू पाठ फिरवते, क्रोध दाटून येतो. परंतु अखेरीस करुणा वरचढ ठरते. यशयाच्या पुस्तकात, पूर्वज अब्राहामाने ओळख दिली नाही तरी ईश्वर आपला पिता आहे, असा टाहो आढळतो (यशया ६३:१६). याच पुस्तकात ईश्वराच्या प्रेमाला मातेच्या प्रेमाचीही उपमा दिली आहे (यशया ४९:१५, ६६:१३).

येशूची शिकवण

शुभवर्तमानांत 'पिता' हे ईश्वराचे मुख्य संबोधन बनते. गेथशेमाने बागेतील प्रार्थनेत येशूने 'अब्बा' हा अरामी शब्द वापरल्याची नोंद मार्कने केली आहे (मार्क १४:३६). नव्या करारात हा शब्द तीनच ठिकाणी येतो, उरलेली दोन स्थळे पौलाच्या पत्रांत आहेत (रोमकरांस ८:१५, गलतीकरांस ४:६). विसाव्या शतकातील जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी या शब्दातील जवळिकीकडे लक्ष वेधले. त्यावरून तो तान्ह्या मुलाच्या बोबड्या बोलातील शब्द आहे, अशी समजूत रूढ झाली. जेम्स बार यांनी १९८८ मध्ये या समजुतीचे खंडन केले आणि प्रौढ मुलेही वडिलांना याच शब्दाने हाक मारीत, हे दाखविले. शब्दातील आपुलकी त्यामुळे नाहीशी होत नाही. मात्र ती जबाबदारी ओळखणाऱ्या जाणत्या मुलाचीही आपुलकी ठरते. गेथशेमाने येथील प्रसंगी ही हाक मृत्यूच्या सावलीत आणि आज्ञापालनाच्या निश्चयासह उच्चारलेली आहे, हेही लक्षणीय आहे.

डोंगरावरील प्रवचनात येशूने मानवी पित्याचे उदाहरण घेतले आहे. मुलाने भाकर मागितली असता कोणताही बाप त्याला धोंडा देत नाही; मग स्वर्गीय पिता किती अधिक देईल, असा तेथील युक्तिवाद आहे (मत्तय ७:९–११). हा युक्तिवाद लहानाकडून मोठ्याकडे जाणारा आहे. ऐकणारे पिते स्वतः दोषी आहेत, हे येथे गृहीत धरलेले असून, त्यांच्या अपुऱ्या प्रेमातूनही ईश्वराच्या प्रेमाची दिशा कळते, इतकेच सांगितले आहे.

याच प्रवचनात पित्याच्या अनुकरणाची स्पष्ट आज्ञा आहे. ईश्वर आपला सूर्य दुर्जन आणि सज्जन या दोघांवर उगवतो व दोघांवरही पाऊस पाडतो. म्हणून शिष्यांनी वैऱ्यांवरही प्रीती करावी आणि पित्याचे पुत्र व्हावे, असे तेथे म्हटले आहे (मत्तय ५:४४–४८). पुत्रत्वाची ओळख येथे कुळावरून नव्हे, तर वागणुकीच्या साम्यावरून पटविली आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात, पुत्र पित्याला जे करताना पाहतो तेच करतो, असे विधान आहे (योहान ५:१९). ब्रिटिश अभ्यासक सी. एच. डॉड यांनी या वचनामागे वडिलांच्या हाताखाली व्यवसाय शिकणाऱ्या मुलाचे चित्र पाहिले. मत्तयाने येशूला सुताराचा मुलगा आणि मार्काने स्वतः सुतार म्हटले आहे (मत्तय १३:५५, मार्क ६:३). वडिलांचा धंदा मुलाने पाहून-पाहून उचलावा, हा त्या समाजातील नित्याचा अनुभव होता. शिष्यत्वाची कल्पनाही अशाच शिक्षणाशी जुळणारी आहे: उपदेश ऐकण्याबरोबर सहवासात राहून हात वळविणे.

उधळ्या पुत्राचा दाखला

लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५:११–३२) हे ईश्वराच्या पितृप्रेमाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे. येशू पापी मानल्या गेलेल्या लोकांच्या पंक्तीस बसतो, या परूशी व शास्त्री यांच्या कुरकुरीला उत्तर म्हणून हा दाखला सांगितला आहे. धाकटा मुलगा वडील हयात असतानाच वाटणी मागतो, दूरदेशी संपत्ती उडवितो आणि दुष्काळात डुकरे राखण्याची पाळी आल्यावर घरी परततो. तो दूर असतानाच पिता त्याला पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो आणि त्याला झगा, अंगठी व जोडे देववितो. मुलाने आपणास मोलकरी म्हणून ठेवण्याची विनंती करण्याचे मनात योजिलेले असते. ते वाक्य उच्चारण्यापूर्वीच पिता सेवकांना आज्ञा देऊ लागतो.

मध्यपूर्वेत दीर्घकाळ अध्यापन केलेले केनेथ बेली यांनी या दाखल्यातील सामाजिक संकेतांकडे लक्ष वेधले. त्या समाजात घरच्या कर्त्या पुरुषाने चारचौघांत धावणे हे कमीपणाचे मानले जाई. मुलाच्या वाट्याला येणारी अप्रतिष्ठा पिता येथे स्वतःवर ओढवून घेतो, असे बेली यांचे प्रतिपादन आहे.

दाखल्याचा उत्तरार्ध थोरल्या मुलाविषयी आहे. तो रागावून मेजवानीला येत नाही, तेव्हा पिता त्याच्यासाठीही घराबाहेर येतो. एकाने पित्याचे घर सोडले, दुसरा घरात राहूनही चाकरासारखा हिशेब ठेवीत राहिला; पिता मात्र दोघांनाही पुत्र म्हणूनच वागवितो. थोरला आत गेला की नाही, हे सांगितलेले नाही. पित्याच्या घरात राहणे आणि पित्यासारखे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या अपूर्ण शेवटातून सूचित होते. रेम्ब्रांटच्या अखेरच्या वर्षांतील या विषयावरील चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

पौलाची पत्रे आणि घरातील पिता

पौलाने आपल्या धर्मकार्याचे वर्णन पितृत्वाच्या भाषेत केले आहे. करिंथकरांना गुरू पुष्कळ असले तरी पिता आपणच आहोत, असे सांगून तो त्यांना आपले अनुकरण करण्यास विनवितो (१ करिंथकरांस ४:१४–१७). थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिताना तो लेकरांना जपणाऱ्या दाईची आणि प्रत्येकाला बोध करणाऱ्या पित्याची अशा दोन्ही उपमा स्वतःला लावतो (१ थेस्सलनीकाकरांस २:७, ११). इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात प्रिय लेकरांप्रमाणे थेट ईश्वराचेच अनुकरण करण्यास सांगितले आहे (इफिसकरांस ५:१).

रोमन कायद्यात कुटुंबप्रमुखाला घरातील माणसांवर विलक्षण व्यापक अधिकार होता. तो हयात असेपर्यंत प्रौढ मुलेही त्याच्या सत्तेखाली असत. मुलांनी आईवडिलांची आज्ञा पाळावी, हा उपदेश त्या काळी नवा नव्हता. वडिलांनी मुलांना चिडीस आणू नये आणि त्यांचे मन खचू देऊ नये, ही जोड (इफिसकरांस ६:४, कलस्सैकरांस ३:२१) मात्र पित्याच्या सत्तेला मर्यादा घालणारी आहे. पृथ्वीवर कोणालाही 'पिता' म्हणू नका, या येशूच्या वचनातही (मत्तय २३:९) अशीच मर्यादा दिसते. प्रॉटेस्टंट परंपरेत हे वचन धर्मगुरूंना 'फादर' म्हणण्याच्या विरोधात उद्धृत केले गेले. कॅथलिक भाष्यकार त्याचा रोख मानमरातबाच्या हव्यासावर असल्याचे मानतात.

श्रद्धेचा वारसा पित्याकडूनच मिळतो, असेही नवा करार मानत नाही. तीमथ्याचा पिता ग्रीक होता, तर त्याची श्रद्धा आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आल्याचा उल्लेख आहे (प्रेषितांची कृत्ये १६:१, २ तीमथ्य १:५). पौलाशी त्याचे नाते पितापुत्राचे जडले ते सेवेतील सहवासामुळे (फिलिप्पैकरांस २:२२).

ख्रिस्ती परंपरेतील विकास

इ.स. ३२५ मधील निकेया येथील धर्मपरिषदेत पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे घोषित झाले. या मताचा समर्थक अथानासियस याचे म्हणणे असे की, पुत्र अनादी नसेल तर ईश्वर अनादी काळापासून पिता होता असे म्हणता येणार नाही. त्यामुळे पितृत्व आणि प्रेम हे ईश्वराचे मूळ स्वरूप ठरले, सृष्टीच्या निर्मितीनंतर जोडलेली उपाधी नव्हे.

ऑगस्टीनचा पिता पॅट्रिशियस तापट होता. ऑगस्टीनच्या आत्मवृत्तात त्याच्यापेक्षा आई मोनिका हिचा ठसा कितीतरी खोल आहे. मिलान येथे बिशप ॲम्ब्रोज याने आपले पित्याप्रमाणे स्वागत केले, असे तो नमूद करतो. त्या आपुलकीने त्याचे मन प्रवचनाच्या आधी जिंकले. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मठप्रमुखाला 'ॲबट' म्हटले आहे. हे नाव 'अब्बा'वरूनच आले आहे. त्याने शब्दांपेक्षा कृतीने अधिक शिकवावे, असा दंडक तेथे आहे.

मार्टिन लूथरच्या घरचे वळण कडक होते. वडिलांच्या एका माराने आपण त्यांच्यापासून दुरावलो आणि पुन्हा जवळ येण्यास वेळ लागला, असे त्याने उत्तरायुष्यात सांगितल्याची नोंद आहे. याच लूथरने १५२९ मधील 'लघु प्रश्नोत्तरी'त प्रभूच्या प्रार्थनेचा आरंभ समजावताना, लेकराने प्रेमळ वडिलांपुढे निःशंकपणे जावे तसे ईश्वरापुढे जावे, असे शिकविले. ही प्रश्नोत्तरी कुटुंबप्रमुखांनी घरात शिकवावी, अशी त्याची योजना होती.

पित्याच्या मूक उदाहरणाची एक प्रसिद्ध नोंद स्कॉटिश मिशनरी जॉन गिब्सन पेटन (१८२४–१९०७) यांच्या आत्मचरित्रात आहे. मोजे विणण्याचा व्यवसाय करणारे त्यांचे वडील घरातील एका लहानशा खोलीत दिवसातून अनेकदा प्रार्थनेस बसत आणि मुले त्या दारावरून पाय न वाजविता जात. पुढे न्यू हेब्रिडीज बेटांवर काम करताना ही आठवण पेटन यांना आधार देत राहिली. कॅथलिक परंपरेत हे स्थान संत योसेफाला आहे. शुभवर्तमानांत त्याचे एकही वाक्य नोंदलेले नाही. केवळ त्याची कृती दिसते. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी योसेफाच्या पितृत्वावर 'पात्रिस कोर्दे' हे पत्र प्रसिद्ध केले.

आक्षेप आणि चर्चा

ज्याने घरात मारहाण, व्यसन किंवा परित्याग अनुभवला, त्याला 'पिता' हा शब्द आश्वासक वाटेलच असे नाही. पाळकीय कार्यात ही अडचण वारंवार पुढे येते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील शिस्तीविषयीचा उतारा (इब्री १२:५–११) मारहाणीच्या समर्थनार्थ वापरला गेल्याचीही उदाहरणे आहेत. वास्तविक त्याच उताऱ्यात मानवी वडिलांनी आपापल्या समजुतीप्रमाणे शिस्त लावली, असे म्हणून त्यांची मर्यादा दाखविली आहे.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एका भ्रमाचे भवितव्य' या ग्रंथात, असहाय मनुष्याने वडिलांची प्रतिमा मोठी करून ईश्वर कल्पिला, असा विचार मांडला. कार्ल बार्थ यांच्या मते 'पिता' हे नाव मुळात ईश्वराचे असून मानवी पित्यांना ते उसने मिळाले आहे (तुलना: इफिसकरांस ३:१४–१५). स्त्रीवादी विचारवंत मेरी डेली यांनी 'बियाँड गॉड द फादर' (१९७३) या ग्रंथात, या प्रतिमेने पुरुषसत्तेला धार्मिक बळ दिल्याचा आक्षेप घेतला. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात ईश्वर स्त्री-पुरुष भेदापलीकडचा असल्याचे आणि मानवी पालक पितृत्व-मातृत्वाचे रूप विद्रूप करू शकतात, हे मान्य केले आहे. आईबापांनी टाकले तरी ईश्वर जवळ करील, हा स्तोत्रकर्त्याचा विश्वास (स्तोत्र २७:१०) या चर्चेत आवर्जून स्मरला जातो.

मराठी ख्रिस्ती परंपरेत

मराठी ख्रिस्ती भाषेत 'पिता' आणि 'बाप' हे दोन्ही शब्द ईश्वरासाठी रूढ आहेत. पहिल्यात आदर, तर दुसऱ्यात घरगुती सलगी अधिक आहे. वारकरी संप्रदायातील 'माउली' आणि 'मायबाप' या संबोधनांशी परिचित असलेल्या मराठी मनाला ईश्वराच्या वात्सल्याची भाषा परकी नव्हती. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणारे कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आपल्या भक्तिरचनांत ख्रिस्ताला गुरू आणि माउली या दोन्ही नात्यांनी आळविले आहे. पितृत्वाच्या प्रतिमेला मातृत्वाची जोड देणारी यशयाची दृष्टी त्यांच्या काव्यात मराठी वळणाने प्रकटली.

शिष्यत्वातील अर्थ

या धारणेचे आचरणातील परिणाम प्रामुख्याने तीन मानले जातात. पहिला, प्रेम हे योग्यतेचे बक्षीस नसून घडणीचा आरंभ आहे. शिष्य स्वीकारला जातो आणि नंतर बदलतो. दुसरा, पित्याचा अधिकार सेवेसाठी आहे. चूक झाल्यास मुलाची क्षमा मागणारा बाप आपले स्थान गमावीत नाही, तर आपल्यावरही एक पिता आहे हे दाखवून देतो. तिसरा, पितृत्व रक्ताच्या नात्यापुरते मर्यादित नाही. ज्यांना घरी प्रेम लाभले नाही, त्यांना ते मंडळीतील वडीलधाऱ्यांकडून मिळावे, ही अपेक्षा नव्या करारातील दत्तकपणाच्या शिकवणुकीतून येते (रोमकरांस ८:१४–१७). ज्याला वडिलांचे उदाहरण मिळाले नाही, तोही या दृष्टीने पुढच्या पिढीसाठी उदाहरण होऊ शकतो.