ब्रेक : दिसण्याचे आणि थांबण्याचे

गेल्या दिवाळीत घरच्या जुन्या छोट्या गाडीने महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरत होतो. स्टिअरिंगवर मी, मागे आई आणि आजी. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आणि पाय सारखा ब्रेकवर. अर्ध्या वाटेत जळका वास आला आणि पेडल स्पंजासारखं खाली गेलं. पहिला गिअर आणि हँडब्रेक, गाडी कशीबशी थांबली. तेव्हाच ठरवलं, मोठ्या भोकाभोकांच्या डिस्क आणि रेसिंगचे पॅड टाकायचेच!

होस्टेलवर येऊन आधी गणित मांडलं. माणसांसकट गाडी 900 किलो धरा. ताशी 80 किमी वेगातून थांबताना सुमारे 222 किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. पण 600 मीटर उंची नुसत्या ब्रेकवर उतरलात तर सुमारे 5300 किलोज्यूल, म्हणजे तसे 24 कचकचीत ब्रेक! एवढ्या उष्णतेने पॅडमधलं रेझिन वायू सोडतं आणि घर्षण घटतं. त्यात ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 फ्लुइडचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर 140 पर्यंत उतरू शकतो. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खाली! आमच्या गाडीत फ्लुइड कित्येक वर्षं बदललंच नव्हतं.

मग मोठी डिस्क? त्रिज्या वाढली की टॉर्क वाढतो, खरं. पण मूळ ब्रेक चाक लॉक करू शकत असतील, तर पुढची मर्यादा टायरच्या पकडीची. शिवाय छोट्या रिममध्ये मोठी डिस्क मावत नाही, भोकांपासून तडे जाऊ शकतात आणि रेसिंगचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत.

गॅरेजवाल्या काकांनी डिस्क मोजली, तर जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा कमी! मूळ मापाच्या डिस्क आणि चांगले पॅड पुढच्या दोन्ही चाकांना टाकले. मॅन्युअल बघून डॉट 4 फ्लुइड भरलं. मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 10 पर्यंत दहाएक वेळा वेग उतरवून पॅड बसवले, मध्ये पूर्ण न थांबता.

परवा तोच घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. निम्मं काम इंजिनानेच केलं. खाली पोलादपूरला पोचेपर्यंत आजी मागे गाढ झोपली होती. याहून मोठं टेस्ट सर्टिफिकेट कुठली लॅब देणार?