एक प्राणी, सव्वीस रूपे

‘पोकेमॉन’ हे नाव आपल्या वर्गातील पुष्कळ मुलांना ठाऊक असते. काल्पनिक प्राणी पकडून त्यांचा संग्रह करायचा, असा हा खेळ १९९६ साली जपानमध्ये ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी प्रथम निघाला. अशा जुन्या खेळांच्या आज्ञावलीत फेरफार करून नवी भर घालण्याचा छंद आज अनेकांना आहे. त्यांच्यापुढे नेहमी येणारा एक प्रश्न असा : असलेल्याच प्राण्याचे आणखी एक रूप खेळात कसे आणावे? या प्रश्नाच्या उत्तरात द्विमान पद्धतीचा एक चांगला पाठ दडला आहे.

खेळातील प्रत्येक जातीला क्रमांक असतो आणि तो एका बाइटमध्ये साठवलेला असतो. बाइट म्हणजे ८ बिट, आणि प्रत्येक बिट ० किंवा १. म्हणून एका बाइटमध्ये २५६ निरनिराळे क्रमांकच मावतात. १९९९ च्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या खेळांत २५१ जाती होत्या. म्हणजे जागा जवळजवळ संपलेली. तरीही त्यांत ‘अननोन’ नावाच्या एकाच प्राण्याची २६ रूपे आहेत, इंग्रजी ‘ए’ ते ‘झेड’ या अक्षरांच्या आकाराची. ही कशी मावली?

युक्ती अशी, की रूप मुळी साठवलेलेच नाही. ते दर वेळी गणिताने काढले जाते. प्रत्येक प्राण्याला जन्मतः आक्रमण, संरक्षण, वेग व विशेष शक्ती यांसाठी ० ते १५ मधील एकेक अंक मिळतो. असा अंक लिहायला ४ बिट लागतात. या प्रत्येकातील मधले दोन बिट घेऊन ओळीने मांडायचे. होणाऱ्या ८ बिटांच्या संख्येला १० ने भागायचे आणि बाकी सोडून द्यायची. भागाकार ० आला तर ‘ए’, १ आला तर ‘बी’, याप्रमाणे.

उदाहरणार्थ, अंक १३, ६, ९ आणि ३ आहेत असे समजू. द्विमान पद्धतीत ते ११०१, ०११०, १००१ व ००११ होतात. मधल्या जोड्या १०, ११, ००, ०१. एकत्र मांडल्यावर १०११०००१, म्हणजे १७७. भागाकार १७, म्हणून रूप ‘आर’.

युक्ती काटकसरीची आहे, पण फुकटची नाही. ० ते २४९ या संख्यांत २५ अक्षरांना प्रत्येकी १० संख्या मिळतात आणि ‘झेड’च्या वाट्याला २५० ते २५५ या ६ च उरतात. दुसरी गोष्ट अधिक गमतीची. याच खेळांत प्राण्याचा दुर्मीळ, वेगळा रंगही याच चार अंकांवरून ठरतो. त्यासाठी संरक्षण, वेग व विशेष शक्ती हे तिन्ही अंक १० असावे लागतात आणि आक्रमणाचा अंक २, ३, ६, ७, १०, ११, १४ किंवा १५. गणित करून पाहावे : संख्या ८५ किंवा २१३ च येते. म्हणून दुर्मीळ रंगाचा अननोन ‘आय’ किंवा ‘व्ही’ याच रूपांत मिळतो. एकाच माहितीला दोन कामांना जुंपले, की ती कामे एकमेकांना बांधली जातात.

फेरफार करणाऱ्याने हेच ध्यानात ठेवायचे असते. नव्या रूपाला नवा जातिक्रमांक दिला, तर मोजकी जागा खर्च होते. प्रत्येक प्राण्याच्या नोंदीत रूपासाठी नवा बाइट वाढवला, तर नोंदीची लांबी बदलते आणि आधी साठवलेले खेळ चुकीचे वाचले जातात. जन्मजात अंकांवरून रूप काढले, तर जागा वाचते. पण मुलाने जपून ठेवलेला जुना प्राणी नव्या नियमाने एकाएकी निराळा दिसू लागतो. शिवाय अननोनच्या रूपांत केवळ चित्र बदलते. नव्या रूपाचे गुणही वेगळे हवे असतील, तर जिथे जिथे गुण जातिक्रमांकावरून शोधले जातात, तिथे तिथे रूपही पाहावे लागते.

वर्गात यासाठी संगणक लागत नाही. प्रत्येक मुलाने आठ नाणी ओळीने टाकावीत. छापा म्हणजे १, काटा म्हणजे ०. आलेली संख्या काढून आपले अक्षर शोधावे व फळ्यावर तक्ता करावा. मग विचारावे : नाणी वाढवली, तर सव्वीसही अक्षरांना अगदी सारख्या संख्या वाटता येतील का? २ च्या कोणत्याही घाताला १३ ने निःशेष भाग जात नाही, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे.