कपाटात राहिलेले पुस्तक

एप्रिलच्या शेवटी निकालाचे काम संपत आले की आम्ही स्टाफरूममधले आमचे कपाट आवरायला घेतो. तपासलेल्या वह्या, खडूंची खोकी, आणि सर्वात खाली एक कापडी पिशवी. वर्षभरात मुलींकडून जप्त केलेल्या वस्तू त्या पिशवीत जातात. यंदा तिच्यातून दोन छोटे आरसे निघाले, पत्त्यांचा एक कॅट, तुटलेला इअरफोन आणि एक पुस्तक: मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. आत वाचनालयाचा शिक्का होता. पुस्तक परत करण्याची तारीख उलटून दोन महिने झाले होते.

मग सगळे आठवले. फेब्रुवारीत नववीच्या वर्गात आम्ही मराठी व्याकरण शिकवत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी मान खाली घालून बसली होती. एरवी ती प्रत्येक प्रश्नाला हात वर करणारी. जवळ गेलो तर व्याकरणाच्या पुस्तकाखाली हे दुसरे पुस्तक. 2012 साली याचा चित्रपट आला होता, त्याच्या जाहिराती आम्ही पाहिल्या होत्या. नववीतला मुलगा, नववीतली मुलगी, एवढे आम्हाला पुरले. वर्गासमोर तिला नको ते बोललो आणि दुसऱ्या दिवशी आईला बोलावले. त्या माऊलीने बुरख्याच्या टोकाने कपाळाचा घाम टिपत सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “टीचर, आता घरात एक पण किस्सा-कहाणीची किताब येणार नाही.” खरे सांगायचे तर तेव्हा आम्हाला बरे वाटले होते. आपले काम झाले असे वाटले होते.

ते पुस्तक आम्ही वाचलेले नव्हते. शाळेच्या जलशात ‘इक़रा’ या शब्दावर दरवर्षी भाषण करतो आम्ही. आणि न वाचलेल्या पुस्तकावर निकाल देऊन मोकळे झालो होतो.

पुस्तक घरी आणले. काशीमीरा नाक्याजवळच्या घरात उन्हाळ्याची दुपार म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. एका अंगाला अहमदाबाद हायवे, ट्रकचे हॉर्न, धूळ; पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर मे महिन्यात पार करपलेला. खिडक्या लावल्या तर उकाडा, उघडल्या तर आवाज. जोहरच्या नमाजनंतर पंख्याखाली बसलो आणि तीन दुपारींत पुस्तक संपवले.

आणीबाणीच्या काळातले एक गाव, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याचे तीन मित्र. हे चौघे अर्धवट बांधलेल्या एका इमारतीत जाऊन बसतात आणि तिथे जगाच्या गप्पा मारतात. आमच्याकडे तर अशा अर्धवट इमारतींना तोटाच नाही. त्यांत कोण बसते, काय बोलते, याचा विचार आम्ही पहिल्यांदाच केला. वर्गातली शिरोडकर मुकुंदला आवडते. आता हे आवडणे म्हणजे काय? ती दिसावी म्हणून रस्ता बदलणे, ती एक वाक्य बोलली तर ते आठवडाभर मनात घोळवणे. ज्याची धास्ती घेऊन आम्ही एका आईला शाळेत बोलावले होते, ते या पुस्तकात एवढेच होते. उलट धास्ती वाटावी असे दुसरेच काही होते. मुले शिक्षकांना काय काय नावे ठेवतात, कोणते मास्तर मनापासून शिकवतात आणि कोण नुसता दरारा दाखवतात, हे त्यांना किती अचूक कळते! वाचताना आम्ही सारखे चाचपत होतो की आमचे नाव काय ठेवले असेल. गोष्टीचा शेवट इथे लिहीत नाही, त्याला कारण आहे.

मग ठरवले की ही सुट्टी याच वयाच्या पुस्तकांवर घालवायची. आठवी-नववीच्या पोरांच्या हातात जी पडतात, किंवा आमच्या लहानपणी पडत होती, ती. शेजारच्या एक बाई ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाच्या सभासद आहेत. ही संस्था 1893 सालची. घोडबंदर रोडने बसमधून धक्के खात त्या पुस्तके आणत, आम्ही आणि आमची लेक ती वाटून घेत असू. लेक चौदा वर्षांची, इंग्रजी माध्यमात शिकते, मराठी वाचताना जोडाक्षराला अडते आणि उर्दू तिला फक्त ऐकून कळते. हा दोष तिचा नाही. उर्दू शिकवणाऱ्याच्या घरी उर्दू न वाचता येणारी मूल वाढते, तेव्हा बोट आमच्याकडेच वळते.

पहिला आला फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश आमच्या पिढीने आधी दूरदर्शनवर पाहिला, सुमीत राघवनच्या रूपात. सायकल, भानगड, ‘ट्टॉक्’ असा आवाज. आम्हाला अजूनही मजा आली. लेक मात्र दोन पुस्तके वाचून म्हणाली, “अम्मी, याला रात्री बाहेर जाताना कुणी विचारतच नाही. मला जिन्याखाली दूध आणायला पाठवताना तू तीनदा बजावतेस.” यावर आम्ही कांदा चिरायला उठलो.

प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ने मात्र आम्हाला थांबवून धरले. बेळगावकडचा लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. तिथे त्याचे लाड होतात, शाळा आहे, मित्र आहेत, दुःख म्हणावे असे फारसे घडतही नाही. तरी पानापानांतून आईची ओढ झिरपत राहते. आमच्या वर्गात दरवर्षी तीन-चार मुले अशी असतातच. अब्बू कुवेतला किंवा सौदीला, अम्मी कधी इकडे कधी गावी, मूल नानीजवळ. हजेरी घेताना आम्ही त्यांना ‘गैरहजर का होतास’ विचारतो. पुढे काही विचारायचे असते हे लंपनने शिकवले. वीस वर्षे शिकवून झाल्यावर! बी.एड.ला किशोरावस्थेचे मानसशास्त्र पाठ करून पेपर लिहिला होता आम्ही, गुणही चांगले पडले होते.

लेकीला लंपन पहिल्यांदा जड गेला, कारण त्याची मराठी कानडी वळणाची. मग रात्री जेवणानंतर आम्ही मोठ्याने वाचू लागलो. तिचे अब्बू टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत. आमच्या कोकणातल्या घरची बोलीही पुस्तकी मराठीपेक्षा वेगळीच आहे, आणि वर्गात ती तोंडातून निघाली की मुले हसतील म्हणून आम्ही ती दाबून टाकलेली. इथे एक मुलगा आपल्या गावच्या भाषेत खुशाल बोलतो आहे आणि मोठमोठे समीक्षक त्याला मान देत आहेत.

उर्दू पुस्तकांसाठी मुंबईला जे. जे.जवळच्या प्रिन्सेस बिल्डिंगमध्ये मक्तबा जामियात गेलो. डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ घेतली. 1869 सालची, उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून गाजलेली. मुळात त्यांनी ती आपल्या मुलींना वाचायला म्हणून लिहिली. सरकारने तिला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. त्यातली अकबरी फूहड, असगरी सुगृहिणी. आमच्या लहानपणी नानी ‘अकबरी होऊ नकोस’ म्हणायची. वाचताना लेकीने विचारले, “अकबरीचं तिच्या बाजूने कुणी ऐकलंच नाही का?” दीडशे वर्षांत किती अम्म्यांनी हे पुस्तक मुलींना जहेजमध्ये दिले असेल, त्यातल्या एखादीला तरी हा प्रश्न पडला असेलच. पण असगरीचेही एक सांगायला हवे: ती घरात मुलींची शाळा चालवते. हा भाग आमच्या नानीने कधी सांगितला नव्हता.

इब्ने सफींचे दोन भागही वाचले. आमचे मामू ‘जासूसी दुनिया’ उशीखाली ठेवत आणि नानाजींचा मार खात. मारणाऱ्या नानाजींनी पुढे स्वतः भाड्याच्या दुकानातून तेच अंक आणून वाचले, ही घरातली गंमत.

मेच्या अखेरीस माहेरी, महाडकडे गेलो. ईदुल अज्हा जवळ आली होती, अंगणात बोकड बांधलेला, पोरे त्याला आंब्याची पाने भरवत होती. तिथे डॉ. झाकिर हुसैन यांची ‘अब्बू खाँ की बकरी’ वाचली. भारताचे राष्ट्रपती झालेल्या या माणसाने जामियाच्या मुलांसाठी ही गोष्ट लिहिली होती. मूळ कल्पना एका फ्रेंच गोष्टीची. अब्बू खाँच्या चांदनी बकरीला डोंगर खुणावतो. तो तिला जीव लावतो, चारा घालतो, दोरी लांब करू का विचारतो. अखेर कोठडीत बंद करतो, पण खिडकी लावायची राहते. ती जाते, दिवसभर मोकळी हिंडते, आणि रात्री लांडग्याशी पहाटेपर्यंत झुंजते. लहान पोरे लांडग्यात रमली. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तू पण दोरीच लांब करतेस, अम्मी.” चूलीजवळ बसलेल्या आमच्या अम्मी हसल्या. “हिनेही मला हेच सुनावलं होतं, बी.एड.ला जायचं होतं तेव्हा,” म्हणाल्या. आम्हाला हे आठवतही नव्हते.

परत आल्यावर एका संध्याकाळी त्या विद्यार्थिनीचे घर शोधत काशीगावात गेलो. पत्ता हजेरीपुस्तकातून घेतला होता. मुलगी नानीकडे गावी गेलेली. आई एकट्याच होत्या. टीचर दारात पाहून त्या घाबरल्या. पुन्हा काय केले पोरीने? आम्ही पुस्तक पुढे ठेवले आणि म्हणालो की आम्ही न वाचता बोललो, आमचे चुकले. आई-बापाशिवाय दुसऱ्या कुणापुढे हे शब्द उच्चारायची आम्हाला सवय नाही. दोनदा घसा साफ करावा लागला.

त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, रूहअफ्जाचा ग्लास आणला. मग हळूच सांगू लागल्या. वाचनालयाचे कार्ड मुलीच्या भावाचे. पुस्तक मिळेना, दंड वाढत चालला, म्हणून त्याने जाणेच सोडले. आणि त्या दिवसापासून पोरगी अभ्यासाचे सोडून काही हातात धरत नाही, विचारले तर ‘कुछ नहीं’ म्हणते. “तसं मी पण शादीच्या आधी ‘पाकीजा आँचल’ वाचायची,” त्या म्हणाल्या, “पिठाच्या डब्यामागे ठेवून.” आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्यांनी ओढणीने डोळे पुसले.

दंड आम्ही भरला, दीडशे रुपये. वाचनालयातल्या भाईंनी रजिस्टर पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. “शिक्षक ना तुम्ही?” एवढेच विचारले. त्याच कार्डावर तेच पुस्तक पुन्हा नोंदवून घेतले.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीच्या वर्गात ती आता खिडकीजवळ बसते. मधल्या सुट्टीत तिला बोलावून पुस्तक हातात दिले. तिने आधी मागचे पान उघडून तारखेचा नवा शिक्का पाहिला, मग वाकडे झालेले एक पान बोटाने सरळ केले. फेब्रुवारीत आम्ही हिसकावले तेव्हा दुमडलेले ते पान.

“टीचर, तुम्ही वाचलं?”

“वाचलं. तीन दिवसांत.”

“मग शिरोडकर...” आम्ही तोंड उघडणार तोच तिने घाईघाईने हात वर केला. “नको, नको, सांगू नका. माझं अर्धंच झालं होतं.”

आणि पुस्तक दप्तरात टाकून ती पाण्याच्या नळाकडे पळाली.