इन्हेलरची स्मरणशक्ती

दमा हा विसरायला लावणारा आजार आहे. श्वास अडकला की माणसाला दुसरे काही सुचत नाही आणि तो मोकळा झाला की आपल्याला काही आजार आहे हेच मुळी आठवत नाही. दोन झटक्यांच्या मधल्या या शांत दिवसांतही श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराची सूज मात्र आपले काम करीतच असते. दम्याच्या उपचारांतील बरेचसे अपयश या विस्मरणातून येते. गेल्या दीड दशकात तयार झालेली 'स्मार्ट' उपकरणे नेमकी येथेच रुग्णाच्या मदतीला येऊ पाहत आहेत. ती कशी चालतात, त्यांनी काय साधले आणि ती कोठे अडखळली, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण असे उपकरण आपल्या घरी येवो अथवा न येवो, त्यामागचा विचार प्रत्येक दमेकऱ्याला लागू पडणारा आहे.

दोन औषधे, दोन स्वभाव

दम्याची नेहमीची औषधे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिले तात्काळ आराम देणारे, म्हणजे रिलीव्हर. सॅल्ब्युटामॉल हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू ते काही मिनिटांत सैल करते. दुसरे प्रतिबंधक, म्हणजे कंट्रोलर. यात श्वासावाटे घ्यावयाचे अल्प मात्रेतील स्टेरॉइड असते. ते मूळ सूज उतरवते, पण त्यासाठी काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. फवारा घेतल्या क्षणी रुग्णाला काहीच जाणवत नाही.

पेच आहे तो येथेच. पहिल्या औषधाचा परिणाम छातीला कळतो. दुसऱ्याचा परिणाम म्हणजे काहीच न घडणे. न आलेल्या झटक्याचे श्रेय औषधाला कोण देणार? साहजिकच रुग्ण पहिल्यावर विसंबतो आणि दुसरे कपाटात राहून जाते. याची किंमत किती मोठी असू शकते, हे ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दम्याच्या मृत्यूंच्या राष्ट्रीय आढाव्याने दाखवून दिले. त्यात १९५ मृत्यूंची छाननी झाली होती. मृत्यूच्या वेळी रिलीव्हर वापरणाऱ्या रुग्णांपैकी ३९ टक्के जणांना आधीच्या वर्षभरात बारापेक्षा अधिक रिलीव्हर इन्हेलर लिहून दिले गेले होते. काहींना तर पन्नासपेक्षा अधिक. एवढे डबे संपत होते, याचा अर्थ आजार हाताबाहेर जात होता. कागदोपत्री ते सारे नोंदलेलेही होते. पण एकत्र पाहून वेळीच धोक्याची घंटा वाजवणारे कोणी नव्हते.

मुका डबा

आज आपण वापरतो त्या फवाऱ्याच्या इन्हेलरचा जन्म एका मुलीच्या प्रश्नातून झाला. १९५५ साली अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळत नाही? तोवर काचेच्या नळीला रबरी फुगा जोडलेले, सहज फुटणारे साधन वापरावे लागे. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, ठरावीक मात्रा सोडणारा इन्हेलर बाजारात आला आणि दम्याचे औषध खिशात मावू लागले.

हा डबा सोयीचा होता, पण मुका होता. कितीदा दाबला, केव्हा दाबला, आत किती उरले, यांपैकी काहीच तो सांगत नसे. मात्रा मोजणारे आकडे पुष्कळ नंतर आले. डॉक्टरांना त्यामुळे रुग्णाच्या आठवणीवर विसंबावे लागे. ती आठवण किती भरवशाची, याचे उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या संशोधनातून मिळाले. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांच्या आरोग्याविषयीच्या या अभ्यासात काही जणांच्या इन्हेलरला वेळ नोंदवणारे यंत्र जोडले होते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, यंत्र वेळ नोंदवते हे ज्यांना सांगितले नव्हते, त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के लोकांनी कधी ना कधी तीन तासांच्या आत शंभराहून अधिक फवारे उडवले होते. तपासणीला जाण्यापूर्वी डबा वापरलेला दिसावा, एवढाच त्याचा हेतू. ज्यांना यंत्राची कल्पना दिली होती, त्यांच्यात हा प्रकार जवळजवळ आढळलाच नाही.

या लोकांना खोटारडे ठरवणे सोपे आहे. खरे तर ते डॉक्टरांसमोर ओशाळे होऊ नये म्हणून धडपडत होते. उपकरण रचणाऱ्यांसाठी यातला धडा महत्त्वाचा आहे. माणसाला आपली परीक्षा घेतली जाते आहे असे वाटले, तर तो परीक्षेची तयारी करतो, उपचाराची नव्हे.

टोपीखाली काय असते?

आजच्या स्मार्ट इन्हेलरपैकी बहुतेकांत मूळ इन्हेलर तोच असतो. त्यावर एक छोटा संवेदक टोपीसारखा बसवलेला असतो. रुग्णाने डबा दाबला की हा संवेदक तारीख आणि वेळ टिपून ठेवतो आणि ब्लूटूथमार्फत मोबाइलकडे धाडतो. मोबाइल जवळ नसेल तर नोंद आतच साठते व नंतर पोहोचते. त्या वेळी रुग्ण कोठे होता, हे मोबाइल आपल्या जीपीएसवरून सांगू शकतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात साथरोगतज्ज्ञ डेव्हिड व्हॅन सिकल यांनी स्थापन केलेल्या अॅस्थमापोलिस या कंपनीच्या अशा संवेदकाला तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये मान्यता दिली. पुढे हीच कंपनी प्रोपेलर हेल्थ या नावाने ओळखली जाऊ लागली.

यातली मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. डबा दाबला, एवढेच या टोपीला कळते. औषध फुप्फुसात गेले की नाही, ते कळत नाही. इन्हेलर हलवणे, श्वास पूर्ण सोडणे, दाबता दाबता सावकाश खोल श्वास घेणे आणि मग सुमारे दहा सेकंद तो रोखणे, यांतली एक पायरी चुकली तरी बरेचसे औषध घशातच राहते. म्हणून काही संशोधकांनी वेगळी वाट धरली. आयर्लंडमधील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संशोधकांनी कोरड्या भुकटीच्या इन्हेलरवर बारीकसा मायक्रोफोन बसवला. श्वास आत ओढण्याच्या आवाजावरून तो जोरकस होता की अपुरा, हे ओळखता येते. श्वासाचा वेग मोजणारे संवेदक इन्हेलरच्या आतच बसवण्याचाही प्रयत्न झाला.

शहराचा श्वास

'केव्हा' आणि 'कोठे' या दोन नोंदींचे मोल किती, हे कळण्यासाठी बार्सिलोनाचे उदाहरण पाहावे. १९८१ ते १९८७ या काळात स्पेनमधील या शहरात दम्याच्या २६ साथी येऊन गेल्या. एखाद्या दिवशी अचानक रुग्णालये दमेकऱ्यांनी भरून जात आणि कारण सापडत नसे. रुग्णांचे पत्ते, वेळा, वाऱ्याची दिशा आणि बंदरातील जहाजांच्या नोंदी पडताळल्यावर उलगडा झाला. बंदरात सोयाबीन उतरवले जाई, त्या दिवशी साठवणुकीच्या कोठारातून उडणारी धूळ शहरभर पसरत होती. कोठाराला धूळ अडवणारी गाळणी बसवली आणि साथी थांबल्या. उत्तर साधे होते, पण ते मिळायला वर्षे लागली, कारण नोंदी विखुरलेल्या होत्या.

अशा नोंदी आपोआप गोळा झाल्या तर काय होईल, याचा प्रयोग अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराने केला. तेथील महापालिका, एक स्वयंसेवी संस्था आणि प्रोपेलर यांनी मिळून हजाराहून अधिक दमेकऱ्यांच्या इन्हेलरवर संवेदक बसवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांचा रिलीव्हरचा वापर ७८ टक्क्यांनी घटला आणि लक्षणे नसलेल्या दिवसांत ४८ टक्क्यांनी वाढ झाली. ही तुलना त्याच रुग्णांच्या सुरुवातीच्या काळाशी होती, हे ध्यानात ठेवून हे आकडे वाचले पाहिजेत. पण त्याहून लक्षणीय होते ते पुढचे पाऊल. कोणत्या भागात इन्हेलर अधिक वापरले जातात, याची सांगड हवेच्या प्रदूषणाशी घालून झाडे कोठे लावावीत, मालमोटारींचे मार्ग कसे असावेत, धूर सोडणाऱ्या इमारती आणि वस्ती यांत किती अंतर हवे, याच्या शिफारशी शहरापुढे ठेवल्या गेल्या. एकेका रुग्णाच्या धापेचा असा शहराच्या आराखड्याशी संबंध जोडला गेला.

आठवण करून देणे पुरेसे आहे का?

कंट्रोलर विसरण्यावर संवेदक काय करू शकतो, याची काटेकोर पाहणी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झाली. दम्यासाठी तातडीच्या उपचारांना आणलेल्या ६ ते १५ वर्षांच्या २२० मुलांना या अभ्यासात घेण्यात आले. सर्वांच्या इन्हेलरला नोंद ठेवणारे उपकरण होते; निम्म्यांच्या उपकरणातून औषधाच्या वेळी सूर वाजे, उरलेल्यांचे उपकरण गप्प राही. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सूर ऐकणाऱ्या मुलांनी सांगितलेल्या मात्रांपैकी ८४ टक्के घेतल्या, इतरांनी ३० टक्के. त्यांचा दमाही अधिक आटोक्यात राहिला. शाळा बुडण्याच्या दिवसांत मात्र म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. शाळेत न जाण्याला दम्याखेरीज इतरही कारणे असतात आणि एका सुरावर सगळे सुटत नाही, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

येथेच रचनाकाराचे खरे कौशल्य लागते. सूर वारंवार वाजला तर त्याची कटकट होते आणि माणूस तो बंदच करून टाकतो. औषध घेतल्यानंतरही वाजला तर विश्वास उडतो. टोपी मोठी झाली तर इन्हेलर खिशात मावत नाही आणि नेमका गरजेच्या वेळी घरी राहतो. बॅटरी संपली तरी फवारा सुटलाच पाहिजे; गुदमरत्या माणसाला आधी मोबाइल सुरू करायला लावणारे उपकरण काढून टाकण्याच्याच लायकीचे. धोक्याची सूचना अशी हवी, की या आठवड्यात चार दिवस रात्री रिलीव्हर लागला, डॉक्टरांना दाखवा. तुम्ही पुन्हा औषध चुकवले, असा दरडावणीचा सूर तिच्यात नको. शंभर फवारे हवेत उडवणाऱ्या त्या रुग्णांची गोष्ट येथे आठवावी.

नोंदींच्या मालकीचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. इन्हेलर कोठे दाबला याची नोंद म्हणजे माणूस कोठे वावरतो याचीच नोंद. ती विमा कंपनीला किंवा मालकाला मिळणार काय, कंपनी विकली गेली तर तिचे काय होणार, हे रुग्णाने विचारले पाहिजे. प्रोपेलर २०१९ मध्ये रेसमेड या कंपनीने विकत घेतली. तेवा कंपनीच्या, आतच संवेदक असलेल्या डिजिहेलरला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, पण २०२४ मध्ये त्याची विक्री बंद करण्यात आली. रुग्णाचा दमा जन्मभराचा असू शकतो. उपकरणाचे आयुष्य कंपनीच्या ताळेबंदावर ठरते.

उपचारांची पद्धतही बदलत असते. दम्यावरील 'जिना' या जागतिक पुढाकाराने २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ रिलीव्हरवर ठेवू नये, असे सुचवले आहे. स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच इन्हेलर गरजेच्या वेळीही वापरण्यावर आता भर आहे. 'एक इन्हेलर चांगला, दुसरा धोक्याचा' अशा गृहीतकावर बेतलेली मोजणी तेथे चालणार नाही.

आपल्याकडे काय?

भारताच्या दृष्टीने हा विषय चैनीचा वाटू शकेल. पण २०१९ च्या जागतिक अंदाजांनुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, तर दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. ही तफावत चिप नसल्यामुळे पडलेली नाही. निदान वेळेवर न होणे, इन्हेलरची 'सवय लागते' हा समज, मुलीचे लग्न अडेल म्हणून आजार लपवणे आणि थोडे बरे वाटताच कंट्रोलर थांबवणे, ही त्याची कारणे आहेत. ज्याच्या घरात कंट्रोलरच नाही, त्याच्यासाठी संवेदकाने कशाची आठवण करून द्यायची?

तरीही या उपकरणांमागचा विचार फुकटात उचलता येतो. रिलीव्हरच्या डब्यात साधारणतः २०० फवारे असतात. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन फवारे घेतले तर तो जवळजवळ वर्षभर पुरतो. नवा डबा उघडताना त्यावर तारीख लिहावी. वर्षात तीन किंवा अधिक डबे लागत असतील तर झटक्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक लागत असेल तर तो जिवाशी खेळ आहे. आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा रिलीव्हर घ्यावा लागणे किंवा दम्याने रात्री जाग येणे, ही डॉक्टरांकडे जाण्याची वेळ समजावी. कंट्रोलर दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवावा. मार्टिन राइट यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या पीक फ्लो मीटरची साधी प्लास्टिकची आवृत्ती आज सहज मिळते. आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली फुंकर गेली की सावध व्हावे, ५० टक्क्यांखाली गेली की विनाविलंब उपचार घ्यावेत.

स्मार्ट उपकरण हे सारे आपोआप करते, हा त्याचा मोठा गुण आहे आणि किंमत उतरेल तसतसे ते आपल्याकडेही अधिक दिसू लागेल. पण त्याची पारख करताना त्यात किती संवेदक आहेत हे विचारू नये. न आलेल्या झटक्याचे श्रेय ते रुग्णाच्या नजरेस आणून देते काय आणि धाप लागण्याच्या आधी त्याला डॉक्टरांकडे पाठवते काय, एवढेच पाहावे. तारीख लिहिलेला साधा डबाही यातले बरेच काही करू शकतो.