'फिरदौस' : अख्खा अल्बम ऐकायला लावणारा अल्बम



परवा तास संपल्यावर एका मुलाने विचारलं, "सर, प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय हो? नुसता गोंगाटच ना?" त्याचा मोठा भाऊ लातूरला नीटची तयारी करतोय. रात्री अभ्यास झाला की तो कानात इअरफोन घालून असलंच काहीतरी ऐकत बसतो म्हणे. प्रश्न चांगला आहे, म्हणून आजचा पाठ त्यावरच घेऊया.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय?

नेहमीचं रॉक गाणं तीन-चार मिनिटांचं असतं. चार मात्रांचा ठेका, कडवं, ध्रुपद, मध्ये थोडी गिटार, की झालं. 1960 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना ही चौकट अपुरी वाटू लागली. त्यांनी गाणी लांबवली, ताल बदलले, शास्त्रीय संगीत आणि जॅझ त्यात मिसळलं.

'किंग क्रिमसन' या बँडचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' हा पहिला अल्बम 10 ऑक्टोबर 1969 रोजी आला. सुमारे 44 मिनिटं आणि गाणी फक्त पाच! पहिलं गाणं गिटार आणि सॅक्सोफोनच्या कर्कश सुरांनी अंगावर येतं. लगेच दुसरं गाणं बासरीच्या सुरांत एकदम शांत होतं. ही दोन्ही एकापाठोपाठ ऐकली तरच त्यातली मजा कळते.

आता तालाचं बघा. पिंक फ्लॉइड या बँडच्या 'मनी' (1973) या गाण्याचा मोठा भाग सात मात्रांचा आहे. पाश्चात्त्य श्रोत्याला तो अडखळल्यासारखा वाटतो. पण आपल्याकडे तबला शिकणाऱ्या मुलाला विचारा. तो म्हणेल, "सर, सात मात्रा तर आपल्या रूपकमध्येपण असतात की!" दोन्हींची चाल वेगळी आहे, पण सात मोजायची सवय आपल्या कानाला आधीपासूनच आहे.

आपल्या जवळचं उदाहरण

आता इंग्लंडहून मुंबईला येऊ. 'कोशिश' हा मुंबईचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. मंगेश गांधी (गायन व बेस गिटार), श्रीकांत श्रीनिवासन आणि अनिश नायर (गिटार), हमजा काझी (ड्रम्स) हे त्यातले वादक. 2013 साली त्यांचा 'फिरदौस' हा पहिला अल्बम आला. फिरदौस म्हणजे स्वर्ग. निजामाच्या काळापासून उर्दू कानावर असलेल्या आपल्या नांदेड-लातूरकडे हा शब्द काही परका नाही.

गाणी हिंदीत आहेत. एका माणसाच्या आयुष्याचा प्रवास त्यांत सांगितला आहे. 'माया', 'मुक्ती' अशी गाण्यांची नावं वाचूनही त्याचा अंदाज येतो. अशा एका सूत्रात बांधलेल्या अल्बमला 'कन्सेप्ट अल्बम' म्हणतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. सीडीवर ही गाणी गोष्टीच्या क्रमाने लावलेली नाहीत, मुद्दाम उलटसुलट ठेवली आहेत. सोबत दिलेलं कोडं सोडवलं की खरा क्रम सापडतो. म्हणजे श्रोत्याने आयतं घ्यायचं नाही, स्वतः गोष्ट जुळवायची!

हे आपल्याला नवं आहे का?

माहूरगडच्या रेणुकामातेचा गोंधळ आठवा. रात्री संबळ वाजू लागतो, देवीला आवाहन होतं आणि मग आख्यान रंगतं. कधी ठेका चढतो, कधी गोंधळी वाजवणं थांबवून नुसतं बोलतो. मधली दहा मिनिटं ऐकून कोणी उठून गेलं, तर त्याला काय कळणार? अल्बमचंही तसंच आहे. दोन्ही कला वेगळ्या, पण ऐकणाऱ्याकडून दोघींचीही मागणी एकच : थोडं थांबा, बसा, शेवटपर्यंत ऐका.

आणि आज नेमकं हेच अवघड झालंय. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाची रील, पुढची रील, तिच्या पुढची रील. गाणं पंधरा सेकंदांत आवडलं नाही की बोट सरकलंच. याच सवयीने आपण धडा वाचतो, गणितही याच सवयीने अर्धवट सोडतो. म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, "भाऊ पाऊण तास एका जागी बसून ऐकत असेल, तर तोही एक अभ्यासच आहे, बरं का!"

हे संगीत प्रत्येकाला आवडेलच असं नाही. पहिल्यांदा ऐकताना गोंधळायला होतं, मलाही झालं होतं. तिसऱ्या वेळी कुठे धागा हाती लागला.

उपक्रम

1. रविवारी मोबाईलवरच्या सूचना बंद करून एक पूर्ण अल्बम सलग ऐका. आवाज बेताचाच ठेवा.
2. ताल कुठे बदलला तिथे वहीत खूण करा. हाताने मात्रा मोजून पाहा.
3. 'फिरदौस' ऐकलात तर गोष्टीचा क्रम स्वतः लावा आणि तसा का लावला ते पाच ओळींत लिहा.
4. घरातल्या मोठ्यांना रात्रभर ऐकलेल्या गोंधळाची किंवा कीर्तनाची आठवण विचारा.

लिहिलेलं वर्गात घेऊन या. सगळ्यांचा क्रम सारखा येतो का, ते मिळून पाहूया.