मुलींच्या कॉलेजाला सरकारी पैसा कशाला?

आपल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. येणारा भाविक यथाशक्ती काही देऊन जातो. देण्याची सवय आपल्याला आहेच. मग कोणी विचारतो, "मुलींचं कॉलेजही देणगीवर चालवा की! सरकारपुढे हात कशाला पसरता?"

अण्णासाहेब कर्वे यांनी तेच करून पाहिले. १९१६ साली त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ काढले. पहिल्या कॉलेजात मुली किती? पाच! अण्णासाहेब गावोगाव वर्गणी मागत हिंडले. १९२० साली मुंबईचे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले. त्या काळचे १५ लाख, बरं का! त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला लागले. तरी सरकारमान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. पस्तीस वर्षे! तोवर तिथली पदवी घेऊन सरकारी नोकरी मागायला जाणे कठीणच होते.

असा दाता रोज भेटत नाही. शिवाय देणगीतून इमारत उभी राहते, पण शिकवणाऱ्यांचा पगार दर महिन्याला लागतो. अनुदान ते यासाठी. अनुदानित कॉलेजात मंजूर जागांचा पगार सरकार देते, म्हणून फी कमी असते. विनाअनुदानित कॉलेजात तोच पगार मुलींच्या फीतून निघतो. फी वाढली की घरात आधी कोणाचे शिक्षण थांबते, हे आम्ही सांगायला नको.

आणि सरकारी पैसा म्हणजे कोणाचा? साबणाच्या वडीवरही तुम्ही-आम्ही कर भरतोच ना?

सरकार काहीच करीत नाही, असे नव्हे. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक गटांतील मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी माफ आहे. छान झाले. पण त्या माफीत खोलीभाडे नाही, जेवण नाही. मुलींचा एस.टी.चा मोफत पास बारावीपर्यंतच. पुढे सवलत आहे, पण पैसे मोजावेच लागतात. नेमके कॉलेजचे दार आले की फुकट पास संपला! नागपूरला १९३२ पासून मुलींचे लेडी अमृतबाई डागा कॉलेज आहे. पण गिरडची मुलगी तिथे राहणार कुठे? वसतिगृह नसेल तर आईबाप धाडायला धजत नाहीत.

तेव्हा मुलीचे नाव घालताना "अनुदान आहे का? वसतिगृह आहे का?" हे आधी विचारा. नसेल तर ग्रामसभेत उभे राहा, मागणीचा ठराव लिहून घ्या. बायांनीही बोलावे. ठरावाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा आणि एक आमदारांना द्या.