विद्यार्थ्यांची मादक द्रव्य चाचणी

विद्यार्थ्यांची मादक द्रव्य चाचणी : शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनी मद्य अथवा अन्य मादक द्रव्यांचे सेवन केले आहे किंवा नाही, हे मूत्र, श्वास, लाळ, केस वा रक्त यांच्या परीक्षणावरून ठरविण्याची पद्धत व त्यासंबंधीचे शाळेचे किंवा शासनाचे धोरण. विशिष्ट विद्यार्थ्याच्या वर्तनावरून संशय आल्यास त्याची एकट्याची चाचणी घेणे हा तिचा एक प्रकार. संशयाचे कारण नसताना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे कोणाचीही निवड करून चाचणी घेणे हा दुसरा प्रकार असून त्यास यादृच्छिक चाचणी म्हणतात. वादाचा मुख्य विषय हा दुसरा प्रकार होय.

शालेय धोरण म्हणून या चाचणीचा उदय व विस्तार प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. ऑरेगन राज्यातील व्हर्नोनिया या लहानशा लाकूडतोडीच्या गावातील शालेय मंडळाने १९८९ मध्ये खेळाडू विद्यार्थ्यांसाठी मूत्रचाचणी सक्तीची केली. हंगामाच्या प्रारंभी सर्व खेळाडूंची आणि नंतर दर आठवड्यास त्यांपैकी दहा टक्क्यांची चाचणी होत असे. सातवीतील जेम्स ॲक्टन या मुलाच्या आईवडिलांनी संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिल्याने त्यास फुटबॉलच्या संघात घेतले नाही. या प्रकरणी १९९५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शाळेचे धोरण वैध ठरविले. पुढे २००२ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील टेकम्सेह येथील प्रकरणात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने ही मुभा खेळाडूंपलीकडे, वाद्यवृंद, गायनवृंद, वक्तृत्व यांसारख्या स्पर्धात्मक उपक्रमांत भाग घेणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांपर्यंत वाढविण्यात आली. येथे एक बाब सहसा नजरेआड होते. दोन्ही ठिकाणच्या धोरणांत चाचणीचा निष्कर्ष पोलिसांकडे जात नव्हता व त्यामुळे वर्गातील शिक्षणात खंड पडत नव्हता. व्हर्नोनियात दुसरी चाचणीही होकारी आली, तर सहा आठवड्यांचा साहाय्य कार्यक्रम किंवा खेळातून काही काळ निलंबन यांपैकी एकाची निवड विद्यार्थ्यास करावी लागे. न्यायालयाने मान्यता दिली ती या मर्यादित स्वरूपाच्या धोरणास. ज्यांना तेवढीच कडक चाचणी हवी पण तेवढ्याच मर्यादा नकोत, त्यांनी या निकालांचा आधार घेणे योग्य ठरत नाही.

परीक्षणाची रीत : शाळांत सामान्यतः मूत्राची प्राथमिक चाचणी वापरतात. ती प्रतिरक्षामापनावर आधारलेली असते. मादक द्रव्याच्या चयापचयातून निर्माण झालेल्या पदार्थाशी विशिष्ट प्रतिपिंडे संयोग पावतात व पट्टीवर रेषा उमटते किंवा उमटत नाही. ही चाचणी स्वस्त व झटपट असली, तरी ती केवळ चाळणी होय. होकारी नमुन्याची खात्री करण्यासाठी वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन यांचा संयुक्त वापर करणारी, खर्चिक आणि सुसज्ज प्रयोगशाळेतच होणारी दुसरी चाचणी आवश्यक असते. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन हे द्रव्य अफूवर्गीय चाचणीत होकारी निष्कर्ष देते. खसखशीच्या दाण्यांवर अफूच्या बोंडातील रसाचा अंश राहत असल्याने ती भरपूर खाल्ल्यासही तसाच निष्कर्ष येऊ शकतो. याच कारणास्तव अमेरिकेतील नोकरदारांच्या चाचणीत अफूवर्गीय द्रव्यांची मर्यादा १९९८ मध्ये दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० नॅनोग्रॅम करण्यात आली. दिवाळीत खसखशीवर थापलेले अनारसे घरोघरी होणाऱ्या प्रदेशात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

शरीरात द्रव्याचा अंश किती काळ सापडतो, याचा त्याच्या घातकतेशी संबंध नसतो. गांजा नियमित ओढणाऱ्याच्या मूत्रात त्याचा अंश काही आठवडेही राहतो, तर मद्य श्वासातून व रक्तातून काही तासांतच नाहीसे होते. शनिवारी रात्री दारू प्यायलेला मुलगा सोमवारी सकाळी श्वासचाचणीत निर्दोष ठरेल आणि पंधरवड्यापूर्वीपर्यंत गांजा ओढून तो सोडून दिलेला मुलगा दोषी ठरण्याचा संभव राहील.

आकडेमोडीची अडचण याहून मोठी आहे. समजा, एका परिसरातील १,००० विद्यार्थ्यांपैकी २० जण खरोखर मादक द्रव्य घेतात आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे. ती २० पैकी १९ जणांना ओळखेल. मात्र न घेणाऱ्या ९८० पैकी पाच टक्के, म्हणजे ४९ जणांनाही ती दोषी ठरवील. होकारी निष्कर्ष आलेल्या ६८ मुलांपैकी ४९ निर्दोष असतील. चाचणी सदोष असल्याने असे घडत नाही. ज्यांच्यात सेवनाचे प्रमाण कमी आहे अशा समूहावर ती सरसकट वापरल्याने घडते. रुग्णालयात आधीच लक्षणे दिसणाऱ्या रुग्णासाठी उपयुक्त असलेले साधन शाळेच्या पटावर लावले, की त्याचा अर्थ बदलतो तो असा.

परिणामकारकता : चाचणीच्या धाकाने मुले व्यसनापासून दूर राहतात, या गृहीताला संशोधनाचा आधार तोकडा आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी विश्लेषणात चाचणी घेणाऱ्या व न घेणाऱ्या शाळांतील सेवनाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. ऑरेगनमधील खेळाडूंवरील २००७ च्या प्रयोगात गेल्या महिन्यातील सेवन घटल्याचे दिसले नाही. गेल्या वर्षातील सेवनाच्या बाबतीत काही वेळच्या पाहणीत घट आढळली. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने २०१५ मध्ये शाळांतील सरसकट चाचणीस विरोध दर्शविला. खेळ व अन्य उपक्रमांत रमणारी मुले मुळातच व्यसनाकडे कमी वळतात आणि चाचणीच्या भीतीने एखादा मुलगा मैदान सोडून गेला, तर शाळेचा त्याच्याशी असलेला उरलासुरला धागाही तुटतो, हा आक्षेप सर्वांत वजनदार म्हणावा लागेल.

भारतातील स्थिती : शालेय विद्यार्थ्यांची अशी चाचणी सक्तीची करणारा केंद्रीय कायदा भारतात नाही. महाराष्ट्रात महाराष्ट्र मद्यनिषेध अधिनियम, १९४९ (पूर्वीचे नाव मुंबई मद्यनिषेध अधिनियम) याच्या कलम १२९-अ अन्वये एखाद्याने मादक पदार्थ सेवन केल्याचे मानण्यास वाजवी कारण असल्यास मद्यनिषेध अधिकारी वा पोलीस अधिकारी त्यास नोंदणीकृत वैद्यकाकडे तपासणीसाठी व रक्ताच्या नमुन्यासाठी नेऊ शकतो. याच अधिनियमात रक्तातील ०.०५ टक्के मद्यार्काची मर्यादा नमूद आहे. हा अधिकार मुख्याध्यापकास किंवा शाळा व्यवस्थापन समितीस नाही. शरीरातून नमुना घेणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने काठी कालू ओघड प्रकरणी १९६१ मध्ये म्हटले होते. तथापि खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा २०१७ चा पुट्टस्वामी निर्णय झाल्यापासून अशा सक्तीला कायद्याचा आधार, न्याय्य हेतू व प्रमाणबद्धता या कसोट्यांवर उतरावे लागेल. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलास शाळेतून काढता येत नाही व मानसिक छळासही मनाई आहे. हे संरक्षण आठवीपर्यंतचे होय. नववी-दहावीचा मुलगा त्याबाहेर राहतो आणि व्यसनाचा धोका वाढतो तो नेमका त्या वयात.

सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१६ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर निर्णय देताना मुलांतील मादक द्रव्यसेवनाची राष्ट्रीय पाहणी, कृती आराखडा व अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश यांसंबंधी केंद्र शासनास निर्देश दिले. त्यात सरसकट चाचणीचा मार्ग सांगितलेला नाही. यानंतर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली : हुंगण्याची द्रव्ये हा असा एकच वर्ग आहे, की ज्याच्या सेवनाचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आहे. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्यूशन ही ती द्रव्ये. बाजारातील नेहमीच्या मूत्रचाचणी पट्टीवर यांपैकी एकही उमटत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ : चाचणीचे धोरण ग्रामीण महाराष्ट्रात आणावयाचे म्हटल्यास काय होईल, हे लोहारा तालुक्यातील सास्तूरसारख्या गावाच्या संदर्भात पाहणे उपयुक्त ठरेल. किल्लारीजवळचे हे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्‌ध्वस्त झाले व त्याचे पुनर्वसन करण्यात आले. धाराशिव जिल्ह्यातून (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. मुले मागे राहिली तर आजीआजोबांपाशी राहतात. अशा वेळी संमतिपत्रावर सही कोणाची, निष्कर्ष कोणास कळवावयाचा व मुलास समुपदेशनासाठी कोणी न्यावयाचे, हे प्रश्न कागदावर सोपे व प्रत्यक्षात अवघड आहेत. खात्रीची चाचणी गावात होणार नाही. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जाईल व अहवाल येईपर्यंत प्राथमिक पट्टीचा निष्कर्ष गावभर झालेला असेल. शहरातील मुलाला शाळा बदलता येते, खेड्यातील मुलाला ती सोय नसते. मुलीच्या बाबतीत अशा बोभाट्याचा शेवट शाळा सुटण्यात आणि लग्न उरकण्यात होण्याची भीती अधिक.

दुसरी विसंगती द्रव्यांची. ग्रामीण शाळेभोवती मुलांच्या हाती सर्वांत सहज पडतात ते तंबाखू, मावा, गुटखा व खर्रा हे पदार्थ. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू पाहणीनुसार भारतातील १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांत तंबाखूसेवनाचे प्रमाण ८.५ टक्के होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याच्या विक्रीस मनाई आहे, तरी त्याच्या पुड्या दुर्मिळ झालेल्या नाहीत. मादक द्रव्यांच्या नेहमीच्या चाचणीत तंबाखू धरलेला नसतो. उलट टोकाचे उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. तुळजापूर परिसरातील मेफेड्रोन या कृत्रिम उत्तेजकाच्या विक्रीचे प्रकरण तामलवाडी पोलिसांच्या कारवाईने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले व राज्यभर गाजले. ‘एमडी’ या नावाने विकले जाणारे हे द्रव्य २०१५ मध्ये अंमली पदार्थविषयक अधिनियमाच्या कक्षेत आणले गेले. त्याची रासायनिक घडण ॲम्फेटामीनशी मिळतीजुळती असूनही ॲम्फेटामीनच्या साध्या पट्टीवर ते भरवशाने सापडत नाही. म्हणजे गावात सर्वत्र असलेला तंबाखू व जिल्ह्यात नव्याने शिरलेले मेफेड्रोन, दोन्ही या जाळ्यातून निसटतात.

पर्यायी यंत्रणा : शाळेतील मुलांपर्यंत पोहोचणारी वैद्यकीय यंत्रणा राज्यात आधीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये पालघर येथून झाला व त्याची पथके शासकीय शाळांतील मुलांची आरोग्य तपासणी करतात. किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ नावाने समुपदेशन केंद्रे चालविली जातात. तेथे स्वतःहून आलेल्या मुलास प्रश्न विचारून, गरज भासल्यास त्याच्या संमतीने नमुना घेऊन उपचाराची दिशा ठरविता येते. चाचणीचे खरे स्थान हे होय. तेथे ती उपचाराचा भाग असते व निष्कर्ष वैद्यकापाशी राहतो. प्रौढ व्यसनीच्या बाबतीतही कायद्याची दृष्टी अशीच आहे : अंमली पदार्थविषयक अधिनियम, १९८५ याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणासंबंधीचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त उपचार घेत असेल, तर त्यास खटल्यापासून सवलत मिळते. केंद्र शासनाची १४४४६ ही निःशुल्क व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.

विक्रेत्याविरुद्धच्या तरतुदी याहून स्पष्ट आहेत. तंबाखू नियंत्रण अधिनियम, २००३ अन्वये शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत व अठरा वर्षांखालील व्यक्तीस ते कोठेही विकण्यास मनाई आहे. दंड मात्र कमाल २०० रुपये. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार वैद्यकीय सल्ल्याखेरीज मुलास मद्य, अंमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एकाच पुडीसाठी कोणते कलम लावावयाचे, हे तक्रार कोणत्या शब्दांत नोंदविली जाते यावर बरेचसे अवलंबून असते, आणि ती नोंदविण्यासाठी मुख्याध्यापकास कोणाच्याही मूत्राचा नमुना लागत नाही.